आधी स्वतः वाचून मग लिंक देणाऱ्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "अहो ते माझं कामच आहे" म्हणता आणि विषय बदलता, म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितेय. नाव टाकू नका म्हणालात, नाही टाकत. नाशिकच्या त्रिमूर्ती चौकाकडच्या ज्या मुलामुलींनी तुमच्या वाचनालयात बसून अभ्यास केलाय ते बरोबर ओळखतील.

बाकीच्यांसाठी सांगते, माझी लेक बारावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी मिडियम, अकरावीपासून सगळं इंग्रजीत. बारावीच्या फिजिक्सचं पहिलंच चॅप्टर रोटेशनल डायनॅमिक्स आणि तिथेच ती अडकली. वस्तू तीच, वजन तेच, मग फिरायचा अक्ष बदलला की मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे ती वस्तू फिरवायला किती जड जाते ते, का बदलतो, एवढाच तिचा प्रश्न होता. खरंच एवढाच. आणि या एका प्रश्नापायी आम्ही कुठे कुठे फिरलो आणि काय काय ऐकलं ते लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये गेलो तर काउंटरवरच्या माणसाने प्रश्न ऐकूनच घेतला नाही, आधी फीचा कागद पुढे सरकवला, एका विषयाचं एक चॅप्टर असं काही नसतं म्हणे, पूर्ण पॅकेज घ्या. माझे मिस्टर अंबडला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, मी घरी शिवणकाम करते, तो आकडा बघून लेकच माझा हात धरून बाहेर घेऊन आली. तिच्या सरांना विचारलं तर सर म्हणाले यूट्यूबवर सगळं असतं, बघून घे. ओळखीतल्या एका मुलाने टेलिग्रामच्या ग्रुपला ॲड केलं, तिथे ढीगभर पीडीएफ, तिरक्या स्कॅन केलेल्या, मधली पानं गायब, त्याच नोट्स वेगवेगळ्या नावांनी. गुगलवर टाकलं की वर जाहिराती, त्याखाली ॲप डाउनलोड करा, मग मोबाईल नंबर टाका, आणि नंबर टाकला की रोज सेल्सवाल्यांचे फोन सुरू. लेक म्हणायची, आई, सगळीकडे तीच वाक्यं आहेत गं, एकाने दुसऱ्याचं उचललेलं. मला या सगळ्यांचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. कारण ज्याला विचारलं त्याने काही ना काही हातात दिलं, पण दिलेलं स्वतः उघडून कोणीच बघितलेलं नव्हतं.

तुमच्याकडे ती फक्त बसायला जागा म्हणून येत होती, घरात माझं मशीन दिवसभर चालू असतं. तिने तुम्हाला काही विचारलंसुद्धा नव्हतं. तुम्हीच तिच्या टेबलापाशी थांबलात आणि म्हणालात, इतका वेळ झाला, पान उलटलं नाहीस बाळा, काय अडलंय? आणि मग विचारलंत, यातलं शेवटचं काय नीट कळलं होतं? हा प्रश्न तिला तोपर्यंत कोणी विचारला नव्हता. तिने सांगितलं की गोल फिरणाऱ्या वस्तूचं थोडं थोडं कळलं, पुढचं नाही. तुम्ही म्हणालात उद्या ये.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला एक चिठ्ठी दिलीत. मॅडम, ती चिठ्ठी मी घरी वाचली आणि मला रडू आलं. अमेरिकेतल्या ह्यूस्टनला राईस विद्यापीठ आहे, त्यांचं ओपनस्टॅक्स, ते २०१२ पासून कॉलेजची पाठ्यपुस्तकं इंटरनेटवर फुकट देतात, रीतसर परवान्याने, चोरून स्कॅन केलेली नाहीत. त्यातलं कॉलेज फिजिक्स हे पुस्तक तुम्ही वाचनालयाच्या वायफायवर उतरवून दिलंत कारण तिचा रोजचा डेटा दुपारीच संपतो हे तुमच्या लक्षात आलं होतं. पण चिठ्ठीवर काय होतं? "दहावं चॅप्टर लगेच उघडू नकोस. आधी सहावं वाच, मग दहावं. यात कॅल्क्युलस नाही त्यामुळे घाबरायचं नाही. मी काल रात्री दोन्ही वाचून बघितली, मी कॉमर्सची, मला निम्मं कळलं, म्हणजे तुला सगळं कळेल."

तुम्ही वाचून बघितलं मॅडम. दिवसभर वाचनालय सांभाळून, घरी जाऊन स्वयंपाकपाणी करून, ज्या विषयाशी तुमचा काही संबंध नाही त्याची दोन चॅप्टर इंग्रजीतून रात्री बसून वाचलीत, आमच्या पोरीसाठी, जिचं आडनावसुद्धा तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. लिंक पाठवणं काय हो, अर्ध्या सेकंदाचं काम आहे, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज वीस येतात. वाचून बघून, आधी हे मग ते असं सांगणारं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं.

तिने तसंच केलं, आधी सहावं, गोल फिरणाऱ्या गतीचं, मग दहावं, ज्यात तिचा अडलेला विषय होता. मग बोर्डाचं पुस्तक, जे ईबालभारतीवर फुकट आहे हेही आम्हाला तुमच्याकडूनच कळलं. आणि एक दिवस स्वयंपाकघरात लाटणं घेऊन आली, म्हणाली आई हे दोन तळहातांमध्ये धरून फिरव, किती सहज फिरतं, आता मधोमध धरून पंख्यासारखं फिरव, जड जातंय ना, लाकूड तेच आहे पण आता ते अक्षापासून लांब पसरलंय, आणि अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग होतो म्हणून इतका फरक. मी सातवी शिकलेली बाई, मला कळलं.

त्यानंतर तुम्ही तिला जे दाखवलंत ते थोडं इथे लिहिते कारण आमच्यासारख्या बऱ्याच घरांना हे माहीतच नाही. आयआयटी खरगपूरने उभी केलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी, त्यात शाळेपासून पीएचडीपर्यंतचं सगळं एका जागी शोधता येतं. एनसीईआरटीची पुस्तकं आणि एक्झेम्प्लरची गणितं फुकट. कोलोराडो विद्यापीठाचं फेट, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ ला सुरू केलेलं, त्यात प्रयोग स्क्रीनवर स्वतः करून बघता येतात आणि त्यातले बरेच मराठीतही आहेत. शाळेच्या प्रॅक्टिकलसाठी ओलॅब्ज, म्हणजे ऑनलाइन प्रयोगशाळा. पुढे इंजिनिअरिंगला गेली तर एनपीटीईएल, तिथे आयआयटीचे प्राध्यापकच शिकवतात. अरविंद गुप्तांची साईट तर धाकट्याने पकडलीय, टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करत बसतो. तुम्ही तिला हेही समजावलंत की गुगल हे सगळं वर का दाखवत नाही. वरच्या जागा पैसे देऊन घेतलेल्या असतात, त्याखाली जे गुगलला आवडेल असं मुद्दाम लिहून घेतात ते, आणि विद्यापीठांचं चांगलं काम त्यांच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्ये आत कुठेतरी असतं, तिथे दार उघडून जावं लागतं. आणि गुगलच वापरायचं असेल तर शोधायच्या शब्दापुढे साईट, कोलन, एसी डॉट इन असं टाकायचं म्हणजे बरीचशी आपल्याकडच्या कॉलेज विद्यापीठांचीच पानं येतात. आता ती कुठलंही पान उघडलं की आधी बघते कोणी लिहिलंय, कुठली संस्था, कधीचं आहे. ही सवय तुम्ही लावलीत.

तुमच्या टेबलामागे रंगनाथन यांचा फोटो आहे ना, लेकीने त्यांच्याबद्दल वाचून काढलं. ते आधी मद्रासला कॉलेजात गणित शिकवायचे, मग ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असा आहे. ती म्हणाली आई, मॅडमनी माझे किती महिने वाचवले बघ. मला वाटतं तुमच्यासारखी माणसं प्रत्येक वॉर्डात एक असती तर पोरांना क्लासच्या दारात मान खाली घालून उभं राहावं लागलं नसतं. भली माणसं असतात हो, आपल्या नाशकात तर खूप आहेत, सिटीलिंकच्या बसमध्ये म्हाताऱ्या माणसाची पिशवी उचलून देणारे कंडक्टर मी बघितलेत, उधारीवर वही देणारा आमचा दुकानदार आहे. ती बोलत नाहीत म्हणून त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही आणि फसवणाऱ्यांच्या मात्र मोठमोठ्या पाट्या चौकाचौकात लागतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तिच्या मैत्रिणीचं इलेक्ट्रोकेमिस्ट्री अडलंय, तिला शनिवारी संध्याकाळी घेऊन येणार आहे म्हणाली, तुम्ही असाल ना? लेकीने तिला आधीच सांगून ठेवलंय की शेवटचं काय कळलं होतं ते आठवून ये, मॅडम तेच विचारतील. आणि मॅडम, तुम्ही पैसे घेत नाही, मिठाई आणली तीही वाचनालयातल्या मुलांना वाटून टाकलीत, पण दिवाळीच्या साडीवरचं ब्लाउज मीच शिवणार. माप घ्यायला वाचनालयात येऊ की तुम्ही घरी येता तेवढं कळवा.

तुमची,
फिजिक्सवाल्या मुलीची आई