अर्ध्या कंसांबद्दल आभार

प्रा. चार्ल्स रॉकवेल लॅनमन (हार्वर्डचे संस्कृत प्राध्यापक) यांस,

स. न. वि. वि.

तुम्हाला जाऊनही आता ऐंशीहून अधिक वर्षं झाली, तरी अथर्ववेद उघडला की पहिली मदत तुमचीच होते. म्हणून हे उघड पत्र.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १८५४पासून संस्कृत शिकवणारे तुमचे गुरू विल्यम ड्वाइट व्हिटनी ७ जून १८९४ला वारले. अथर्ववेदाच्या एकोणीस कांडांचं भाषांतर आणि टीपा त्यांनी मागे ठेवल्या होत्या, पण छापायला देण्याजोगं पुस्तक झालेलं नव्हतं. तुम्ही संदर्भ पुन्हा ताडून पाहिले, प्रस्तावनेचा मोठा भाग लिहिला आणि १९०५ साली हार्वर्ड ओरिएंटल सिरीजचे सातवा व आठवा हे दोन खंड काढले.

आभार मुख्यतः एका खुणेचे. तुमची प्रत्येक भर इंग्रजी 'एल'सारख्या दिसणाऱ्या अर्ध्या कंसांत आहे. कंसाबाहेरच्या मताला व्हिटनी जबाबदार, आतल्याला तुम्ही. गुरूची चूक दुरुस्त करतानाही तुम्ही ती पुसली नाहीत, शेजारी लिहिलंत. (स्कॅनवरून काढलेल्या मजकुरात मात्र हे कंस 'एल' आणि 'जे' अक्षरं होऊन शब्दांना चिकटतात, आणि मग दोघांची मतं एकाच्या नावावर उद्धृत होतात. अशा वेळी छापील पानाचं चित्र बघावंच.)

पानाची मांडणीही सरावाची होते. सूक्ताच्या डोक्यावर अनुक्रमणीनुसार, म्हणजे सूक्तांच्या जुन्या सूचीनुसार, ऋषी, देवता, छंद. मग अथर्ववेदाच्या पैप्पलाद या दुसऱ्या शाखेत ते कुठे येतं, कौशिक आणि वैतान या विधिग्रंथांत (सूत्रांत) त्याचा विनियोग, म्हणजे विधीतला वापर, काय, आधी कुणी भाषांतर केलं. त्यानंतर एकेक ऋचा आणि तिच्याखाली पाठभेद. जुने भाष्यकार सायण यांच्याबद्दल व्हिटनींचा सूर फार तुटक आहे, तो तेवढा मनावर घेऊ नये.

सगळ्यात जास्त वेळ वाचवते ती सूक्तांची दुहेरी संख्या. सातव्या कांडात रोट आणि व्हिटनी यांनी संपादित केलेल्या बर्लिन आवृत्तीत ११८ सूक्तं आहेत, शंकर पांडुरंग पंडितांच्या मुंबई आवृत्तीत १२३. दोन्हींनी काही सूक्तं वेगळ्या ठिकाणी तोडली, म्हणून फरक वाढत जातो. नुसतं '७.८०' लिहिलं तर बर्लिनप्रमाणे पौर्णमासीचं, म्हणजे पौर्णिमेचं, सूक्त निघतं आणि मुंबईप्रमाणे अपचितांचं, म्हणजे गळ्यावरच्या गाठींचं. तुमच्या खंडात पहिलं '८० (८५)' असं छापलंय, दुसरं '७६ (८०, ८१)'. संदर्भ देणाऱ्यांनी आवृत्तीचं नाव लिहावं, नाहीतर निदान ऋचेचे पहिले दोन शब्द तरी द्यावेत.

पंडितांचीही दखल तुम्ही नीट घेतलीत. त्यांनी पोथ्यांच्या जोडीला तीन अथर्ववेदी वैदिकांचं पाठांतर प्रमाण म्हणून धरलं होतं. पोथीतली अक्षरं एकमेकांसारखी दिसून लेखकाची गफलत होते. कानाने शिकलेल्या माणसाची ती चूक होत नाही, त्याच्या चुका वेगळ्या. पंडितही १८९४मध्येच, व्हिटनींच्या आधी गेले, आणि त्यांची आवृत्ती १८९५ ते १८९८ या काळात बाहेर आली.

आणखी एक ऋण पत्रांचं. डिसेंबर १८९४मध्ये फिलाडेल्फियाला व्हिटनींची स्मृतिसभा झाली. तिचा अहवाल तुम्ही १८९७ला संपादित केलात आणि परदेशी विद्वानांची पत्रंही त्यात छापलीत. मॅक्स म्युलरांशी झालेल्या भांडणापुरतेच व्हिटनी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांनी ही पत्रं वाचावीत.

नव्याने शिकणाऱ्यांनी सुरुवात मात्र तुमच्या १८८४च्या संस्कृत रीडरपासून करावी. त्यातल्या टीपेतला आकडा व्हिटनींच्या संस्कृत व्याकरणातल्या परिच्छेदाचा असतो, पानाचा नव्हे. ते परिच्छेद १३१६ आहेत, त्यामुळे व्याकरणाची प्रत शेजारी उघडी ठेवूनच बसावं.

आपले,
अथर्ववेदाचे काही मराठी वाचक