सुध्या, भाईंबद्दल लिहितोय

डिचोली

सुध्या,

चतुर्थीला पण फोन नाही केला म्हणून शिव्या घालशील, घाल. माझं बीपी गोळ्यांवर चाललंय, आई बरी. लिहितोय ते भाईंसाठी, आणि तुलाच, कारण सोप्यावर बसून त्यांच्याशी बुद्धिबळात तुझ्याएवढं कोणी हरलेलं नाही.

परवा कुळागर, म्हणजे आपली माडापोफळींची बाग, विकत मागायला एक एजंट आला. भाईंनी त्याला असा सोलला म्हणतोस, वाट कुणाची, पाटाचं पाणी कुणाचं, आपल्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराच्या घराचं काय, तो बिचारा घामाघूम. आणि मग शांतपणे म्हणाले, "बाबलो अर्ध्याचा हिस्सेदार, तो नाही म्हणतोय, म्हणजे माझ्या एकट्याच्या सहीला किंमत नाही." बाबलोकाकाला खांदा आपणच दिला ना रे! गणित बरोबर, मांडलेला आकडाच जुना.

रात्री वाचत बसलो. अमेरिकेत हेन्री मोलेसन म्हणून एक होता, फिट्स थांबाव्यात म्हणून 1953 साली ऑपरेशन करून त्याच्या मेंदूतला दोन्हीकडचा हिप्पोकॅम्पस, नव्या आठवणी साठवायचा भाग, बराचसा काढला. नवीन काही लक्षात राहीना, पण बुद्धीच्या टेस्टमध्ये चांगले मार्क, शब्दकोडी सोडवायचा. भाईंचे डॉक्टरही याच भागाचं नाव घेतात. आणि 1973 मध्ये चेस आणि सायमननी (एकाचं आडनावच चेस, मी बनवत नाहीये) बुद्धिबळातल्या एका मास्टरला पाच सेकंद पट दाखवला, खऱ्या डावातला असेल तर नवख्यापेक्षा कितीतरी जास्त परत मांडला, सोंगट्या कशाही टाकल्या तर नवख्यासारखाच गोंधळ. म्हणजे भाई तुला नुसता विचार करून नाही, जुने डाव ओळखून हरवायचे. उंट सरकवायचे नाहीत रे. एकदा सोडून.

मला अजून हरवतात, म्हणून दादा म्हणतो भाई ठणठणीत, एजंटाला कसा पळवला बघ. मला तीच भीती आहे. उद्या कोणी येऊन म्हणालं, "बाबलो हो म्हणालाय", तर भाई तितक्याच मुद्देसूदपणे सही करतील, आणि समोरच्याला वाटणार म्हातारा किती शार्प. कागद माझ्याकडे ठेवूया म्हटलं तर दादा म्हणे, तुझाच डोळा आहे कुळागरावर. झालं, दोन दिवस बोलणं बंद.

तुझ्या बदलीचं काय झालं? छोकरीची यंदा दहावी ना? वहिनींना सांग, कोकमं पाठवतो.

दादा तुझं ऐकतो. रविवारी फोन कर त्याला, पण मासळी जेवून आडवा व्हायच्या आधी, नंतर उचलत नाही तो.

तुझा,
विन्या