चकचकीत कवडी येते कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीचा हंगाम आला की मालवणपासून गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्यावरच्या दुकानांत कवड्यांचे ढीग लागतात. हल्ली त्यांवर ‘लक्ष्मी कवडी’ अशी चिठ्ठीही डकवलेली असते. कवडीला आपल्याकडे मान आहे, त्यात वाद नाही. लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात ती असते, तुळजाभवानीच्या भुत्याच्या गळ्यात तिची माळ असते. पावसाळ्यात माजघरात पट मांडला की उताण्या पडलेल्या कवड्या मोजूनच दान ठरतं. वैद्य तिचं भस्म अम्लपित्तावर देतात. एके काळी तर ती रोकडच होती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त कोष्टकच दिलंय: २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला १२८० कवड्या, मोजणाऱ्याची कमालच!

पण ‘हे आपल्या किनाऱ्यावरचं जुनं चलन’ असं जे गिऱ्हाइकाला सांगतात, ते खरं नाही. चलनातली कवडी मुख्यतः मालदीवची. तिथे उथळ पाण्यात नारळाच्या झावळ्या सोडत, त्यांना कवड्या चिकटत. मग आतला जीव कुजून जाईपर्यंत त्या वाळूत पुरत आणि जहाजं भरून बंगालला पाठवत. पुढे युरोपीय व्यापाऱ्यांनी याच कवड्या पश्चिम आफ्रिकेत नेऊन गुलाम विकत घेतले. ‘लक्ष्मी’ची ही बाजू चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही.

मला बोलायचंय ते आतल्या जिवाबद्दल. कवडीतला प्राणी आपल्या अंगाचा मऊ पदर दोन्ही बाजूंनी कवचावर पांघरतो, म्हणून तिची पाठ गुळगुळीत, चकचकीत राहते. मेल्यावर लाटांबरोबर वाळूत घासत आलेली कवडी फिकी पडते. तेव्हा दुकानातला लखलखता ढीग वाळूत वेचलेला नाही, बहुतेक जिवंतपणीच काढलेला आहे. काही हौशी पर्यटक तर ओहोटीला कातळावरचे दगड उलटेपालटे करत स्वतःच शोधत फिरतात. मादी दगडाखाली अंडी घालून त्यांवर बसून राहते. दगड उलटाच राहिला की उन्हात सगळंच सुकतं.

पूजेला कवडी हवी तर घरातल्या जुन्या डब्यातली चालते, देवीची काही हरकत नसावी. आणि किनाऱ्यावर ‘स्वच्छता राखा’चे फलक लावणाऱ्या ग्रामपंचायतींनी त्याखाली आणखी एक ओळ रंगवावी: जिवंत कवडी काढू नका, उलटलेला दगड होता तसा ठेवा.

– एक वाचक, मालवण