लघुपटांत आपल्या माणसांचे चेहरे नीट दिसावेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातील तरुणांनी केलेल्या लघुपटांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे जे वृत्तान्त प्रसिद्ध झाले, ते मी आवर्जून वाचले. माण, खटाव, पाटण, जावळी अशा तालुक्यांतील मुले आपल्याच गावातील विषय घेऊन चित्रपट करू लागली आहेत, याचा साताऱ्यात फोटो स्टुडिओ चालवणारा माणूस म्हणून मला मनापासून आनंद आहे. मात्र या वृत्तान्तांत कॅमेरा कोणता होता, चित्रण ‘फोर-के’मध्ये झाले की नाही, ड्रोन कुठून उडवला, याची माहिती सविस्तर येते आणि प्रकाशयोजनेविषयी एक ओळही येत नाही. स्थानिक स्पर्धांच्या परीक्षणाच्या निमित्ताने असे लघुपट पाहण्याचा योग मला येतो, आणि त्यांत वारंवार दिसणारा एक दोष मला जाहीरपणे मांडण्याइतका गंभीर वाटतो. या लघुपटांत डोंगर देखणे दिसतात, धरणाचे पाणी देखणे दिसते. पण ज्या माणसांची गोष्ट सांगायची आहे त्यांचे चेहरे एक तर काळवंडलेले असतात किंवा पांढुरके, आणि पुष्कळदा एकाच प्रसंगात दोन्ही.

याचे पहिले कारण अगदी साधे आहे. मोबाइल असो वा भाड्याने आणलेला महागडा कॅमेरा, त्याला स्वयंचलित ठेवले की तो समोरच्या दृश्याच्या उजेडाची सरासरी काढतो आणि ती मध्यम करड्या छटेपाशी आणू पाहतो. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणारा पृष्ठभाग म्हणजे हा मध्यम करडा, असे छायाचित्रणात मानतात. आता आपल्याकडचा शेतकरी कॅमेऱ्यासमोर उभा करून पाहावा. डोक्यावर पांढरी टोपी किंवा पटका, अंगात पांढरा सदरा, आणि उन्हात रापलेला चेहरा. चौकटीत पांढरे जास्त असल्यामुळे कॅमेरा एकूण उजेड कमी करतो. सदरा करडा होतो आणि चेहऱ्यावरचे डोळे, सुरकुत्या, भाव सगळे अंधारात जाते. तोच शेतकरी वाईच्या घाटावर काळ्या पाषाणाच्या भिंतीपुढे उभा राहिला, की कॅमेरा उलट वागतो. भिंत काळी म्हणून तो उजेड वाढवतो, आणि चेहऱ्याचा रंग धुतल्यासारखा होतो. माणूस तोच, ऊन तेच, कॅमेरा तोच. मात्र दोन दृश्यांत दोन वेगळी माणसे दिसतात. यावर उपाय करायला एक रुपयाही लागत नाही. उजेड चेहऱ्यावर मोजावा, तिथे तो हाताने पक्का करावा आणि दृश्य संपेपर्यंत बदलू देऊ नये. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये हे होते. पांढऱ्या सदऱ्याचा तपशील थोडा गेला तरी चालेल, इतकेच पाहावे की तो पूर्णपणे कोरा होणार नाही, कारण डिजिटल चित्रणात एकदा कोरा झालेला भाग नंतर कोणत्याही संगणकावर परत आणता येत नाही.

दुसरे कारण दुपारचे ऊन. सातारा साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. नेमक्या याच दिवसांत सुट्ट्या असतात, आणि म्हणून नेमक्या याच दिवसांत आपल्या मुलांचे चित्रीकरण चालते. डोक्यावरच्या उन्हात कपाळ आणि नाकाचा शेंडा चकाकतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, आणि ज्या डोळ्यांवर प्रेक्षकाची नजर जायची तेच दिसत नाहीत. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र मध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून जेमतेम ४९ अंश चढतो आणि उजेड दिवसभर बाजूने येत राहतो. ज्याला शक्य असेल त्याने चित्रीकरण हिवाळ्यात ठेवावे. ज्याला मे महिन्यावाचून गत्यंतर नाही, त्याने सकाळी नऊपर्यंत आणि सायंकाळी साडेचारनंतर बाहेरची दृश्ये घ्यावीत आणि मधली दुपार घरातील प्रसंगांसाठी वापरावी.

घरातील प्रसंग म्हटले की आमचे तरुण लगेच एलईडी पॅनेल, म्हणजे सपाट पाटीसारखा दिवा, काढतात आणि ते कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवतात. येथे मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण जुन्या वाड्यांच्या आपल्या भागात उत्तम प्रकाशयोजना आयती उभी आहे. वाई, मेणवली, सातारा, कऱ्हाड येथील वाड्यांत मधला चौक वरून उघडा असतो. आभाळाचा उजेड चौकात उतरतो, फरशीवर आणि चुन्याच्या भिंतींवर आपटतो आणि मऊ होऊन ओसरीत शिरतो. ओसरीच्या कडेला, चौकाकडे तोंड करून माणसाला बसवले, की त्याच्या चेहऱ्यावर मोठ्या पृष्ठभागावरून येणारा सौम्य उजेड पडतो आणि पाठीमागचे माजघर आपोआप गडद होते. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी काशीतील घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला, तेव्हा छायालेखक सुब्रत मित्र यांनी अशाच चौकातील उजेडाचा अभ्यास केला होता. दिवे थेट कलाकारांवर रोखण्याऐवजी त्यांनी सेटच्या वर पांढरे कापड ताणले, खालून दिव्यांचा उजेड त्यावर टाकला आणि परत आलेल्या उजेडात चित्रण केले. हे काम करताना ते पंचविशीत होते आणि चित्रपटाच्या कॅमेऱ्याचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. जो परिणाम साधण्यासाठी त्यांना स्टुडिओत एवढा खटाटोप करावा लागला, तो मेणवलीच्या मुलाला घराच्या ओसरीत फुकट मिळतो. त्याने फक्त पॅनेल बंद करून थोडा वेळ त्या ओसरीत बसून पाहिले पाहिजे.

सावळा किंवा काळा वर्ण नीट दाखवण्याचे तंत्र गोऱ्या वर्णापेक्षा वेगळे आहे, ही गोष्ट आपल्याकडे कोणी शिकवत नाही. गोरी त्वचा पडलेला उजेड सर्व बाजूंना सारखा पसरवते, म्हणून तिच्यावर समोरून थोडा उजेड टाकला तरी भागते. गडद त्वचा तसा उजेड कमी पसरवते. तिचे सौंदर्य तिच्या तकाकीत असते, म्हणजे आजूबाजूच्या उजळ पृष्ठभागांच्या प्रतिबिंबांत असते. म्हणून समोरून लहान दिव्याचा झोत वाढवत नेल्याने चेहरा खुलत नाही, उलट कपाळावर एक पांढरा डाग तेवढा उमटतो. पांढरी चादर, थर्माकोलचा मोठा तक्ता, उन्हात उजळलेली चुन्याची भिंत असा मोठा पृष्ठभाग चेहऱ्याच्या एका बाजूला जवळ आणला, तर गालाच्या हाडावरून हनुवटीपर्यंत एक सलग चमक उतरते आणि चेहऱ्याची घडण दिसू लागते. पावडर लावून ही तकाकी मारणे हा तर या चेहऱ्यावर अन्यायच आहे. उलट, किंचित तेलाचा हात फिरवलेला बरा.

पावसाळ्यात अडचण वेगळी असते. महाबळेश्वर, बामणोली, कास या भागांतील धुक्यात उजेड सगळीकडून सारखा येतो आणि चेहरा सपाट दिसतो. तेथे उजेड वाढवण्याची नव्हे, एका बाजूने कमी करण्याची गरज असते. माणदेशातील धनगरांचे काळे घोंगडे चौकटीबाहेर, चेहऱ्याच्या एका अंगाला धरले, की त्या बाजूचा उजेड ते पिऊन टाकते आणि चेहऱ्याला पुन्हा गोलाई येते. मोठे छायालेखक याच कामासाठी काळे कापड वापरतात.

एलईडी दिवे विकत घेणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. दिव्याच्या खोक्यावर रंगांच्या अचूकतेचा जो निर्देशांक छापलेला असतो, तो आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल रंगाचा नमुना, ज्याला ‘आर-नाइन’ म्हणतात, त्या सरासरीत धरलेलाच नाही. त्यामुळे शंभरपैकी ८० निर्देशांक असलेल्या स्वस्त दिव्यात गडद लाल जवळजवळ नसू शकतो. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत लालसर छटा भरपूर असते. ती या दिव्याखाली मरते आणि निरोगी माणूसही आजारी, मातकट दिसतो. मग संगणकावर रंग दुरुस्त करण्यात रात्री जातात, पण जो रंग मुळात दिव्यातच नव्हता तो तेथे सापडणार कसा? दिवा घेताना आर-नाइनचा आकडा विचारावा, आणि तो कळत नसेल तर सरळ दिवसाचा उजेड वापरावा.

रंगाच्या बाबतीत पालीच्या खंडोबाच्या यात्रेचे उदाहरण देतो, कारण तेथे चित्रण करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. भंडारा उधळला जातो तेव्हा हवाच पिवळी होते आणि चेहऱ्यांवर पिवळा उजेड परततो. कॅमेऱ्याचे रंगसंतुलन (व्हाइट बॅलन्स) स्वयंचलित ठेवले असेल, तर यंत्राला तो पिवळेपणा चूक वाटतो आणि ते त्यात निळा रंग मिसळून तो कमी करते. ऐन उत्सवाच्या क्षणी चित्र फिके पडते. दिवसाच्या उन्हाचे रंगतापमान, म्हणजे उजेड किती पिवळसर की निळसर हे सांगणारे माप, साधारण ५६०० केल्विन धरून तेथे संतुलन पक्के केले, तर भंडारा भंडाऱ्यासारखाच दिसतो.

गडद चेहऱ्यांवरचा हा अन्याय आजचा नाही. मूकपटांच्या काळातील ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. त्यामुळे त्वचा प्रत्यक्षापेक्षा काळी उमटे आणि कलाकारांना जाड लेप थापावे लागत. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्यासारखे लोक, ज्यांना कॅमेराही स्वतःच तयार करावा लागला, याच मर्यादेत काम करत होते, आणि तरी त्यांच्या चौकटींतील छायाप्रकाशाचे मोल आजही जाणकार मानतात, कारण ते मुळात चित्रकार होते आणि उजेड कुठून येतो हे त्यांना आधी दिसे. पुढे रंगीत फिल्म आली, तेव्हा कोडॅक कंपनीने रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना जी नमुनाचित्रे पुरवली, त्यांवर अनेक वर्षे गोऱ्या स्त्रियाच असत. तपकिरी छटा नीट उमटत नाहीत अशा तक्रारी चॉकलेट आणि लाकडी फर्निचर तयार करणाऱ्यांनी केल्या, आणि फिल्म सुधारण्यास त्याही कारण झाल्या, अशी नोंद आहे. आजचे डिजिटल कॅमेरे त्या मानाने कितीतरी उदार आहेत. गडद भागातील तपशील ते सहज टिपतात. यंत्राने आता कारण उरू दिलेले नाही, आणि म्हणूनच मोबाइलमधील ‘ब्युटी मोड’ चालू ठेवून केलेले लघुपट पाहताना मला फार वाईट वाटते. दुष्काळावरच्या कथेत पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या बाईचा चेहरा गुळगुळीत आणि दोन छटा उजळ केलेला असतो. तिच्या रापलेल्या गालांत, ओठांच्या भेगांत जी कथा होती, तीच यंत्राने पुसलेली असते. हे करणाऱ्या मुलांच्या मनात वाईट काही नसते. पडद्यावर येणारा चेहरा गोरा असावा लागतो, असा समज त्यांच्या मनावर लहानपणापासून बिंबलेला असतो. तो समज मोडण्याचे काम लघुपटांनीच करायला हवे होते.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली स्पर्धांच्या आयोजकांना. छायालेखनाच्या पारितोषिकासाठी प्रवेशिकेत कॅमेऱ्याचे नाव मागू नये. त्याऐवजी कोणत्याही एका दृश्यात उजेड कुठून घेतला आणि तसा का घेतला, हे स्पर्धकाला चार ओळींत लिहायला सांगावे, आणि परीक्षकांनी गुण देताना चेहऱ्यांचा विचार आधी व ड्रोनच्या दृश्यांचा नंतर करावा. महाविद्यालयांत कार्यशाळा होतात, त्यांतही अर्धा दिवस कॅमेरा बाजूला ठेवून एकाच माणसाला उन्हात, झाडाखाली, दारात आणि ओसरीत बसवून त्याच्या चेहऱ्यावर काय बदलते ते नुसते पाहण्यासाठी द्यावा. वाई परिसरात मोठ्या चित्रपटांची चित्रीकरणे सतत होत असतात. त्यांच्या लाइटमनपैकी एखादा अनुभवी माणूस अशा अर्ध्या दिवसासाठी आला, तर मुलांना त्याच्याकडून जे मिळेल ते कोणत्याही माहितीपत्रकातून मिळणार नाही.

दुसरी विनंती आपल्याला आहे. रविवारच्या पुरवणीत एखाद्या कष्टकरी व्यक्तीची, तिच्या संमतीने, तीन छायाचित्रे शेजारी शेजारी छापावीत: एक मे महिन्याच्या दुपारचे, एक कॅमेऱ्यावरच्या पॅनेलच्या उजेडातले आणि एक ओसरीच्या कडेचे. मी ती विनामूल्य काढून देईन. मात्र एक काळजी छपाई विभागाने घ्यावी. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि मधल्या छटा मूळ छायाचित्रापेक्षा गडद होतात, म्हणून सावळ्या चेहऱ्यांची छायाचित्रे छापण्यापूर्वी त्यांतील मधल्या छटा तेवढ्याच थोड्या मोकळ्या कराव्या लागतात. सगळे चित्र सरसकट उजळ केले, तर डोळ्यांतील काळेपणा जातो आणि चेहरा पुन्हा पांढुरका होतो. तिन्ही चित्रांवर ही दुरुस्ती सारख्याच प्रमाणात व्हावी, म्हणजे वाचकाला दिसणारा फरक हा उजेडाचाच असेल.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक,
सातारा