मासे मोजणाऱ्या माणसांनाही स्थैर्य हवे

संपादक महोदय,

मासेमारी शाश्वत व्हावी म्हणून स्थानिक मच्छीमारांबरोबर काम करणाऱ्या ना-नफा संस्थांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, ते बहुधा एखाद्या प्रकल्पाचे उद्घाटन, मिळालेली देणगी किंवा संस्थापकांचा गौरव यांपुरतेच असते. या संस्थांत प्रत्यक्ष राबणारी माणसे दिवसभर काय करतात आणि कोणत्या अटींवर नोकरी करतात, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मत्स्यसाठ्यांच्या, म्हणजे समुद्रात कोणत्या जातीचा मासा किती आहे याच्या, अभ्यासाशी माझा दीर्घकाळ संबंध असल्याने आम्हा अभ्यासकांची भिस्त त्यांच्यावर किती असते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

होडी धक्क्याला लागते तेव्हा संस्थेचा कार्यकर्ता मोजपट्टी बसवलेली फळी, ताणकाटा आणि नोंदवही घेऊन तिथे हजर असतो. मच्छीमाराला घाई असते, कारण बर्फ वितळत असतो आणि गिऱ्हाईक खोळंबलेले असते. त्या थोड्या अवधीत टोपलीतले मासे निवड न करता उचलावे लागतात. मोठ्या माशाकडे हात आपोआप वळतो आणि तसे झाले की सगळी नोंदच फसते. मग प्रत्येक माशाची तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी मोजायची, वजन घ्यायचे आणि मालकाने हरकत घेतली नाही तर एखाद्याचे पोट उघडून गाबोळी कितपत भरली आहे तेही पाहायचे. पोट फाडलेल्या माशाचा भाव उतरतो, त्यामुळे ही परवानगी कागद दाखवून नव्हे, तर ओळखीवर मिळते. काही मासे विकत घेऊन त्यांच्या कानातली खड्यासारखी बारीक हाडे काढली जातात. झाडाच्या खोडात असतात तशी वर्षागणिक वलये त्यांत उमटतात आणि त्यांवरून माशाचे वय काढता येते. मासा किती लांबीचा झाल्यावर पहिल्यांदा वितो हे समजले, तरच जाळ्याचा आस, म्हणजे विणीतले छिद्र, किती मोठा असावा हे सांगता येते. गाबोळी कोणत्या महिन्यांत भरते हे समजले, तर मासेमारी केव्हा थांबवावी हे ठरवता येते. नियमांची भाषा कितीही भारदस्त असली, तरी तिचा पाया या ओल्या नोंदवहीत असतो.

या नोंदींतला सर्वांत नाजूक रकाना जागेचा असतो. मासा कुठे लागला हे कोणताही मच्छीमार सहजासहजी सांगत नाही, कारण ती जागा म्हणजे त्याच्या घराण्याने कमावलेले ज्ञान आणि त्याची पुढची कमाई. तो ती सांगतो तेव्हा समोरचा माणूस ती दुसऱ्या होडीवाल्याला, व्यापाऱ्याला किंवा अधिकाऱ्याला सांगणार नाही, अशी त्याची खात्री झालेली असते. ही खात्री संस्थेच्या नावाने मिळत नाही, त्या एका व्यक्तीमुळे मिळते. ती व्यक्ती नोकरी सोडून गेली की तिच्या जागी आलेल्या नव्या माणसाला उत्तरे मिळतात, पण ती मोघम असतात. आकडे येत राहतात, त्यांतला अर्थ मात्र हरवतो. स्त्रियांच्या कामाच्या बाबतीत हे आणखी प्रकर्षाने जाणवते. घरच्या पोटापुरती मासेमारी धरली, तर लहान प्रमाणावरील मत्स्यव्यवसायात गुंतलेल्या दर दहा जणांपैकी सुमारे चार स्त्रिया असतात. खाडीत पायी चालून गोळा केलेल्या शिंपल्यांची किंवा वाळवलेल्या मासळीची नोंद मात्र धक्क्यावर होत नाही; त्यासाठी घरोघर जाऊन बोलणारी, त्यांच्या सवडीची वेळ जाणणारी कार्यकर्तीच लागते.

किनाऱ्यावरचे ज्ञान निर्णय घेणाऱ्यांपर्यंत वेळेवर न पोहोचल्यास काय होते, याचे उदाहरण कॅनडातील न्यूफाउंडलंडचे आहे. तिथे किनाऱ्यालगत मासेमारी करणारे लोक १९८०च्या दशकात कॉड मासा कमी आणि लहान होत असल्याचे सांगत होते. सरकारी अंदाजांत मात्र खोल समुद्रातील मोठ्या ट्रॉलरच्या पकडीला जास्त वजन दिले गेले. उरलेला मासा थोड्या जागेत एकवटला होता आणि ट्रॉलरची साधनेही सुधारली होती, त्यामुळे त्यांची पकड भरपूर दिसत राहिली. २ जुलै १९९२ रोजी कॉडच्या मासेमारीवर बंदी आली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून जाहीर झालेली ती बंदी २०२४ साली उठली. किनाऱ्यावरच्या नोंदी वर्षानुवर्षे पद्धतशीर ठेवून त्या निर्णयाच्या बैठकीत मांडणारी माणसे पुरेशी असती, तर ऱ्हास पूर्णपणे टळला असता असा माझा दावा नाही. मात्र इशारा इतका काळ दुर्लक्षित राहिला नसता, असे मला मनापासून वाटते.

आणि नेमक्या याच कामासाठी आज पैसा तुकड्यातुकड्यांनी मिळतो. निधी साधारणपणे दोन-तीन वर्षांचा असतो, तर कित्येक जातींचा मासा पहिल्यांदा विण्यासाठीच त्याहून अधिक वर्षे घेतो. पहिले वर्ष ओळखी जमवण्यात जाते, शेवटचे सहा महिने पुढच्या अर्जात आणि अहवालात. अहवालात किती प्रशिक्षणे झाली, किती लोक हजर होते, हे विचारले जाते. सलग नोंदींची किती वर्षे जमली, हे क्वचितच विचारले जाते. कर्मचाऱ्यांचे पगार प्रशासकीय खर्चात मोजून त्यांवर मर्यादा घातली जाते, जणू मासे मोजणारा माणूस हा मुख्य कामाबाहेरचा खर्च आहे. पाण्यावर जाणाऱ्या कित्येकांना विम्याचे संरक्षणही नसते. मच्छीमार कुटुंबांतून आलेली, दोन्ही बाजूंची भाषा जाणणारी तरुण माणसे मग नाइलाजाने दुसरी नोकरी शोधतात.

अशा संस्था देणगीदारांच्या कलाने चालतात आणि मच्छीमारांच्या वतीने परस्पर बोलू लागतात, असा आक्षेप घेतला जातो. काही ठिकाणी तो खराही आहे. पण त्यावरचा उपाय कर्मचारी कमी करणे हा नाही. नोंदींची मालकी मच्छीमारांच्या संघटनेकडे असावी, जागेची माहिती त्यांच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ नये आणि निष्कर्ष छापण्यापूर्वी त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवावेत, हे बंधन निधी देणाऱ्यांनी घालावे. अनेक कार्यकर्ते हे आजही स्वतःहून करतात.

जगातील मूल्यमापन झालेल्या सागरी मत्स्यसाठ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक साठ्यांची मासेमारी शाश्वत मर्यादेबाहेर गेली आहे; १९७४ साली हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली लहान प्रमाणावरील मासेमारीसाठी स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वे मच्छीमारांच्या सहभागावर भर देतात. तो सहभाग घडवून आणणाऱ्या माणसांचा पगार कोण देणार, याची तजवीज मात्र प्रत्येक निधीला स्वतंत्रपणे करावी लागते. सरकारे, प्रतिष्ठाने आणि मोठ्या देणगीदारांना माझी विनंती आहे की, नव्या प्रकल्पांची संख्या थोडी कमी करावी, पण धक्क्यावरच्या कार्यकर्त्याचे वेतन आणि विमा निदान दहा वर्षांसाठी बांधून द्यावा, आणि त्याने जमवलेल्या नोंदींवर शोधनिबंध निघाला तर लेखकांच्या यादीत त्याचे नावही असावे.

आपला,
एक वाचक