रेझोल्यूशनचा आकडा कोण ठरवतो?

मा. संपादक महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीत प्रथिनांच्या रचनांविषयी आलेल्या लेखात, रेझोल्यूशनचा, म्हणजे रचनेतला किती बारीक तपशील दिसतो त्याचा, अँगस्ट्रॉममधला (मिलिमीटरच्या कोट्यंशातला) आकडा जितका लहान तितकी रचना भरवशाची, असे म्हटले आहे. ढोबळमानाने ते खरे आहे; मात्र हा आकडा यंत्र परस्पर सांगत नाही. प्रथिनाच्या स्फटिकातून विखुरलेल्या क्ष-किरणांचे ठिपके ज्यात उमटतात, त्या विवर्तनचित्रात कडेकडे जाऊ लागले की ठिपके अंधूक होत जातात, आणि त्यांतले कुठवरचे धरायचे हे संशोधकालाच ठरवावे लागते; जितके कडेचे धरावेत, तितका आकडा लहान. त्यासाठी आपल्याकडे आजही सर्रास लावला जाणारा निकष मुळातच सदोष आहे, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

जुना प्रघात असा, की बाहेरच्या शेलमध्ये, म्हणजे कडेच्या ठिपक्यांच्या पट्ट्यात, तीव्रता आणि तिची अनिश्चितता यांचे गुणोत्तर २ च्या खाली गेले, किंवा आर-मर्ज हा विसंगतीचा आकडा फुगला, की तेथे डेटा कापायचा. आता आर-मर्ज दाखवतो ते एकाच ठिपक्याच्या वेगवेगळ्या नोंदी एकमेकींपासून किती फटकून आहेत एवढेच. रिफाइनमेंटमध्ये, म्हणजे रचना ठिपक्यांशी जुळवून सुधारत नेताना, वापरतात ती त्यांची सरासरी. तोच ठिपका अधिक वेळा मोजला तर सरासरी सुधारते, आर-मर्ज मात्र उलट थोडा चढतो. शिवाय तीव्रता शून्याजवळ आली की आर-मर्जचा छेदच नाहीसा होऊ लागतो, मग आकड्याला काही धरबंद राहत नाही.

कार्प्लस आणि डीडरिख्स या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सुचवलेला सीसी-हाफ हा निकष यापेक्षा प्रामाणिक आहे. नोंदींचे यदृच्छया दोन गट पाडायचे आणि दोन्ही गटांच्या सरासऱ्यांमधला सहसंबंध काढायचा. तो ०.१४ इतका क्षीण असला, तरी एकत्रित डेटाचा खऱ्या सिग्नलशी सहसंबंध सुमारे ०.५ निघतो, म्हणजे जुन्या नियमाने कचऱ्यात गेलेल्या ठिपक्यांतही माहिती उरलेली असते.

माझ्या परिचयातील एका विद्यार्थिनीला परीक्षकांनी १.८ अँगस्ट्रॉमपर्यंतचा डेटा २.० वर कापायला लावला. प्रबंधातला डेटाचा तक्ता देखणा झाला, आर-फ्रीही (रचना सुधारताना न वापरलेल्या राखीव ठिपक्यांशी ती किती जुळत नाही, ते सांगणारा आकडा) उतरला आणि सर्वांचे समाधान झाले. वास्तविक ठिपक्यांची संख्या रेझोल्यूशनच्या व्यस्त घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे २.० पर्यंतच्या ठिपक्यांच्या तुलनेत आणखी ३७ टक्के ठिपके हाती होते, ते गेले. आर-फ्री उतरला तो रचना सुधारल्यामुळे नव्हे, तर अवघड प्रश्न पेपरातून वगळल्यामुळे! १.८ आणि २.० पर्यंतचा डेटा वापरून केलेल्या दोन्ही रचनांचा आर-फ्री २.० पर्यंतच्याच, त्याच राखीव ठिपक्यांवर काढून पाहिला असता, तर कोणती सरस हे लगेच कळले असते. यालाच पेअर्ड रिफाइनमेंट म्हणतात, आणि आजच्या संगणकांवर त्याला फारसा वेळही लागत नाही.

अर्थात, क्षीण शेल जोडून शीर्षकात लहान आकडा मिरवणे हेही तितकेच आक्षेपार्ह आहे. म्हणून तक्त्यात दोन्ही मर्यादा छापाव्यात: गुणोत्तर २ च्या खाली कुठे जाते ती, आणि रिफाइनमेंट प्रत्यक्षात कुठवर केले ती. औषधाचा रेणू प्रथिनात कुठे बसला हे पाहणाऱ्याने तर या दोन्हींवर विसंबू नये. त्या जागेचा इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा, ज्यावरून अणू कुठे आहेत ते ठरवतात, स्वतः उघडून पाहावा. प्रबंध तपासणाऱ्यांनी आर-मर्जची टक्केवारी विचारण्याऐवजी पेअर्ड रिफाइनमेंटचा निकाल मागावा आणि मूळ विवर्तनचित्रे जपून ठेवली आहेत का, याची खात्री करून घ्यावी.

आपला,
स्फटिकशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, पुणे