पक्षी मेल्यावर नाही, पाणी बिघडल्यावर बातमी करा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

पाणथळावर पक्षी मरून पडले की सगळीकडे बातमी येते, मेलेल्या बदकांचा फोटो, वर हेडिंग "अज्ञात रोगाने पक्ष्यांचा मृत्यू", आणि दोन दिवसांनी विषय संपला. मी बरीच वर्षं पहाटे दुर्बीण घेऊन पाणथळावर जाते आणि हा "अज्ञात रोग" शब्द वाचला की मला फार वाईट वाटतं. कारण पुष्कळ वेळा तो अज्ञात वगैरे काही नसतो, आधी पाणी आजारी पडलेलं असतं, पक्षी नंतर.

बोट्युलिझमचंच बघा, म्हणजे बॅक्टेरियाच्या विषाने पक्षी लुळा पडण्याचा आजार. याचे बॅक्टेरिया चिखलात नुसते पडून असतात, वर्षानुवर्षं, काही त्रास नाही. पण त्या पाण्यात सांडपाणी आलं, शेतातलं खत वाहून आलं की शेवाळ माजतं, मग ते शेवाळ मरून कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतं, मासे-किडे मरतात आणि वर ऊन असेल तर या बॅक्टेरियाला हवं ते सगळं मिळतं, म्हणजे गरम, बिनऑक्सिजनचा चिखल आणि सडलेलं मांस. मग ते विष तयार करतात. पक्ष्याचे आधी पाय-पंख लुळे पडतात, मग मान उभी राहत नाही. मान टाकली असं आपण म्हणतो ना, ते इथे शब्दशः होतं, आणि वीतभर पाण्यातसुद्धा तो पक्षी बुडून मरतो कारण त्याला डोकं वर धरता येत नाही.

आणि ते तिथे थांबत नाही. मेलेल्या पक्ष्यात अळ्या होतात, अळ्यांना त्या विषाचं काही होत नाही पण त्यांच्या अंगात ते साठतं, दुसरं बदक येऊन त्या अळ्या खातं आणि तेही मरतं, त्याच्यात परत अळ्या. म्हणून मेलेले पक्षी किती तासांत उचलले याला एवढं महत्त्व आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानच्या सांभर सरोवरावर १८ हजारांच्या वर पक्षी गेले, बरेलीच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने बोट्युलिझमच सांगितला. तिथे खारेपणा, पाऊस, पाण्याची चढउतार अशी बरीच कारणं होती, सगळं प्रदूषणावर ढकलणं बरोबर नाही, पण हे चक्र एकदा सुरू झालं की आकडा कुठे जातो ते तिथे दिसलं.

पण मला खरं लिहायचंय ते न मेलेल्या पक्ष्यांबद्दल. मेलेला पक्षी दिसतो तरी, आजारी पक्षी दिसतच नाही. तो शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारखा वागतो कारण दुबळा दिसला की शिकाऱ्याने धरलाच. आम्ही गणनेला जातो, चारशे थापट्ये (बदकं), दोनशे वारकरी (काळे पाणपक्षी) अशी नोंद करतो, वाटतं सगळं छान आहे. पण त्यांच्या पोटात काय आहे ते दुर्बिणीतून कसं कळणार? बदकं दाणे दळायला बारीक खडे गिळतात, त्यात शिकारीचे शिशाचे छर्रे किंवा गळाची शिशाची वजनं गिळली जातात, आणि पोटात खड्यांबरोबर ते शिसं दळून रक्तात जातं. पक्षी झुरतो, वाळतो, मागे पडतो, मग कोल्ह्याच्या नाहीतर घारीच्या तोंडी जातो आणि कुठल्याच यादीत येत नाही. तेलाचा तवंगही तसाच. पिसं एकमेकांत नीट अडकलेली असतात म्हणून पाणी आत जात नाही, तेलाने ती वीण मोडते, अंग भिजतं, थंडी भरते, आणि चोचीने पिसं साफ करताना तेच तेल पोटात जातं.

विष किती थोडं पुरतं हेही सांगते. कॅलिफोर्नियाच्या क्लिअर लेकमध्ये चिलटांसारखे किडे मारायला १९४९ पासून डीडीडी नावाचं कीटकनाशक टाकलं, पाण्यात प्रमाण फक्त ०.०२ पीपीएम (दहा लाख भागांत ०.०२ भाग), म्हणजे कोणीही म्हणेल काही होत नाही. ते किड्यांतून माशांत, माशांतून ग्रीब पक्ष्यांत (आपल्या टिबुकलीचे मोठे भाऊबंद) गेलं आणि त्यांच्या चरबीत १६०० पीपीएम सापडलं, ८० हजार पट! त्याच राज्यात केस्टरसन जलाशयावर १९८३ मध्ये शेतातून निचरून आलेल्या सेलेनियम या मूलद्रव्यामुळे डोळे नसलेली, चोच वाकडी असलेली पिल्लं निघाली. आईबाप तिथे पाण्यावर फिरताना दिसत होते.

सुधारता येत नाही असंही नाही. इंग्लंडमध्ये गळाची शिशाची वजनं १९८७ मध्ये बंद केल्यावर हंसांची संख्या परत वाढली, अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून बंद केले, युरोपियन युनियनने पाणथळांवर २०२३ मध्ये.

म्हणून माझी विनंती आहे की पक्षी मेल्याची बातमी छापताना सोबत हे पण विचारून छापा: पाण्यातला ऑक्सिजन शेवटचा कधी मोजला, कुठला नाला तिथे सोडलाय, चिखलाचं सँपल घेतलं का नुसतं पक्ष्याचं, आणि मेलेले पक्षी किती तास तसेच पडून होते. पक्ष्यांच्या गणनेचे आकडे छापता तेव्हा त्याच पाण्याचा रिपोर्ट शेजारी छापा, नसेल तर "रिपोर्ट नाही" एवढं तरी छापा.

आणि वाचकांनो, मान टाकलेला पण जिवंत पक्षी दिसला तर उघड्या हाताने धरू नका, बर्ड फ्लू आहे का बोट्युलिझम ते नुसतं बघून कळत नाही. लगेच वन विभागाला कळवा, पक्षी अजून जिवंत आहे हे मुद्दाम सांगा. बोट्युलिझम असेल आणि वेळेत सावली आणि स्वच्छ पाणी मिळालं तर त्यातले बरेच परत उडतात.

आपली,
एक पक्षीनिरीक्षक वाचक